शिक्षा म्हणून मिळालेली सरकारी नोकरी

सरकारी नोकरी शिक्षा म्हणून मिळाली असं कुणाचं ऐकलंय का कधी? आपल्याकडे पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेच्या खुर्च्या झिजवून, एक अटेम्प्ट गेला दुसरा गेला करत जिच्या मागे लागतात ती नोकरी १९२१ साली पश्चिम आफ्रिकेत एका पोराच्या गळ्यात दंड म्हणून मारली होती. पोराचं नाव आमादू हांपाते बा, गाव बांडियागारा, देश तेव्हाचा फ्रेंच सुदान म्हणजे आजचा माली. डाकारजवळच्या गोरे बेटावर फ्रेंचांची एक नावाजलेली शाळा होती, शिक्षक आणि कारकून तयार करणारी, तिथून निघालेली मंडळी पुढे देशांचे राष्ट्राध्यक्ष वगैरे झाली. हा प्रवेश परीक्षा पास झाला आणि आई म्हणाली नको जाऊस. झालं, हा गेला नाही. आपण जे काही आहोत ते बापामुळे एकदा आणि आईमुळे दोनदा असं त्यांच्याकडे मानतात, हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय, त्यामुळे आईचं मोडायचा प्रश्नच नव्हता.

गव्हर्नरसाहेब खवळले. सरकारने शिकवायचं, आणि नेटिव्ह पोराने आई नको म्हणाली म्हणून घरी बसायचं म्हणजे काय! म्हणून त्याचं पोस्टिंग केलं लांब वागाडुगूला, अपर व्होल्टा नावाच्या तेव्हा नव्यानेच काढलेल्या कॉलनीत (आजचा बुर्किना फासो). नायजर नदीतून मोप्तीपर्यंत आणि पुढे बहुतेक पायी, सोबत लक्ष ठेवायला एक शिपाई. आणि हुद्दा काय होता बघा: तात्पुरता लेखनिक, तोही 'मूलतः अस्थिर आणि कधीही रद्द करता येण्याजोग्या' तत्त्वावर. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा कंत्राटी ऑर्डर काढणारा माणूससुद्धा इतकं स्पष्ट लिहायला लाजेल.

या बाबांचं एक वाक्य तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. आफ्रिकेत म्हातारा माणूस मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळून जातं, अशा अर्थाचं. व्हॉट्सॲपवर ते 'आफ्रिकन म्हण' म्हणून फिरतं, मागे सूर्यास्त आणि एक झाड. ती म्हण नाहीये, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युनेस्कोमध्ये मालीचा प्रतिनिधी म्हणून हा माणूस हे पुन्हा पुन्हा सांगत होता, परंपरा तोंडपाठ असलेला एकेक म्हातारा जातो म्हणजे कुणी वापरलाच नाही असा आख्खा ठेवा आगीत जातो, आता हालचाल करा, पैसे द्या, माणसं पाठवा. म्हणजे मुळात ती बजेटची मागणी होती! आणि मला तो माणूस आवडतो तो याचसाठी. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक त्याला आफ्रिकेचा ऋषी वगैरे करून टाकतात, पांढरी टोपी, शांत हसू, मौखिक परंपरेचा रक्षक. ते खोटं नाही. पण त्याची दोन आत्मचरित्रं वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या ऋषीच्या आत एक पक्का मुरलेला कारकून बसलाय आणि खरं काम तो करतोय.

थोडं मागे जाऊ. जन्म १९०० किंवा १९०१, फुलानी (पश्चिम आफ्रिकेतला एक मोठा समाज) घराणं, खानदानी. पण खानदान अशा वेळी की विचारू नका. एकोणिसाव्या शतकात फुलानींचं मासिना राज्य एल हाज ओमार या सेनानीच्या तुकुलोर (हाही तिथलाच एक समाज) फौजांनी जिंकलं, नंतर सूडाच्या कत्तली झाल्या, आमादूच्या बापाच्या घराण्यातले पुरुष वेचून मारले गेले आणि बाप हांपाते लहानपणी एका कसायाच्या घरात लपून वाचला. आमादू अगदी लहान असतानाच हा बाप वारला. मग आई कादिजाने दुसरं लग्न केलं ते कुणाशी, तर तुकुलोर सरदाराशी, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाशी. सावत्र बाप तिजानी थियाम, त्याने याला मुलगा म्हणून वाढवलं. पुढे फ्रेंचांनी तिजानीची सरदारकी काढून त्याला दूर बुगुनीला हद्दपार केलं, तर कादिजा गरोदरपणात त्याच्या मागे निघाली आणि वाटेतच बाळंत झाली. बाई काय होती ती! माझ्या मते पहिल्या आत्मचरित्राची खरी नायिका तीच आहे, पोरगा नुसता साक्षीदार. धंदा करायची, माणसं सांभाळायची, अधिकाऱ्यांसमोर उभी राहायची, नवऱ्यासमोरही.

त्या घरात कुल्लेल नावाचा एक गोष्टी सांगणारा यायचा. पोरगा त्याच्या इतका मागे असायचा की त्याचं नावच पडलं आमकुल्लेल, कुल्लेलचा छोटा आमादू. दुसरीकडे तियेर्नो बोकार नावाचे सूफी गुरू, त्यांच्याकडे कुराणाचे धडे. तिसरीकडे पोरांची टोळी, तिच्यात मोठ्यांच्या समाजासारखा म्होरक्या, उपम्होरक्या, काझी असे हुद्दे, आणि दुसऱ्या टोळ्यांशी मारामाऱ्या. एकदा ही पोरं गोऱ्यांच्या वस्तीकडे मुद्दाम गेली ती गोऱ्यांची विष्ठा कुठल्या रंगाची असते हे बघायला. मोठे लोक काहीबाही सांगायचे, पोरांनी प्रत्यक्ष तपासणी केली, आणि येताना त्यांच्या उकिरड्यावरून मिळेल ते घेऊन आली. एथ्नोग्राफर, म्हणजे लोकजीवनाचा अभ्यासक, लहानपणीच कळतो म्हणतात तो असा.

१९१२ मध्ये त्याला फ्रेंच शाळेत उचलून नेलं. उचलून म्हणजे खरंच उचलून, त्या शाळांना लोक ओलिसांची शाळा म्हणायचे कारण बड्या घरांतली पोरं तिथे ठेवली की घरं गप्प राहतात हा हिशोब. साहेबासमोर उभं केल्यावर दुसरा सरदारपुत्र रडकुंडीला आलेला, आणि याला विचारलं तुला शाळेत जायचंय का, तर हा म्हणतो हो. का? तर म्हणे माझी सरदारकी दोनदा हुकली, एकदा हांपातेचा मुलगा म्हणून आणि एकदा तिजानीचा मुलगा म्हणून, आता साहेब तिसरी संधी देतायत. आणि दुसरं, मला साहेबांची भाषा शिकायचीय म्हणजे मधल्या दुभाष्याशिवाय थेट बोलता येईल. हे सगळं तो सांगतोय कुणामार्फत? दुभाष्यामार्फतच! बारा वर्षांच्या पोराने बरोबर नस पकडली होती.

कारण सगळी सत्ता त्या मधल्या माणसाकडे होती. फ्रेंच पश्चिम आफ्रिका म्हणजे अवाढव्य मुलूख आणि मोजके गोरे अधिकारी. एकेका जिल्ह्याचा (ते त्याला सर्कल म्हणायचे) एक कमांडंट. तो तीन-चार वर्षांत बदलून जाणार, त्याला स्थानिक भाषा येत नाही, आणि त्याच्या हातात 'नेटिव्ह' कायद्याने दिलेला असा अधिकार की खटला न चालवता कुणालाही पंधरा दिवस तुरुंगात टाकता येतं, वर दंड. सलाम नीट केला नाही, कर उशिरा भरला, वेठीला आला नाही, काहीही कारण चालतं. हा प्रकार १९४६ मध्ये जाऊन बंद झाला. आता अशा साहेबाला जिल्ह्यात काय चाललंय हे कोण सांगणार? दुभाष्या. आणि लोकांना साहेब काय म्हणतोय हे कोण सांगणार? तोच. साहेब बदलतात, दुभाष्या तिथेच. साहेब आणि रयत यांच्या मधला कारकून काय काय करू शकतो हे आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच सणसणीत लिहून ठेवलंय, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तर हांपाते बा या यंत्रणेत शिरला आणि १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं अपर व्होल्टातल्या वेगवेगळ्या पोस्टिंगांवर काढली. नकला करायच्या, रजिस्टरं भरायची, टपाल, सगळं तेच. तात्पुरता म्हणून लागला आणि पुढे वीसेक वर्षं टिकला, हेही आपल्या ओळखीचंच. दुसऱ्या आत्मचरित्राचं नावच 'हो, साहेब!' या अर्थाचं आहे. ते वाचताना मजा अशी येते की यात स्वातंत्र्यलढा वगैरे काही नाही, हा बंडखोर नाहीच. हा कागद नीट ठेवतो, साहेबाचा मूड ओळखतो, कुठल्या साहेबाला काय चालतं काय चालत नाही हे लक्षात ठेवतो, चांगल्या साहेबाला चांगला म्हणतो आणि नालायकाला नालायक, आणि लोकांनी साहेबांना ठेवलेली टोपणनावं सगळी जपून ठेवतो. त्याच्यासारख्या नोकरदार आफ्रिकनांना लोक 'काळे-गोरे' म्हणायचे, कोट घालणारे, फ्रेंच झाडणारे, आणि तो स्वतःला त्यातून वगळत नाही हे मला फार आवडलं. कॉलनीच्या विरोधात लिहिणारे बरेच लेखक आहेत पण ऑफिसच्या आतून, टेबलाच्या या बाजूने, कोण कुणाला का घाबरत होतं हे इतकं बारीक सांगणारा दुसरा मी तरी वाचलेला नाही.

आणि ऑफिस सुटलं की हा गावातले म्हातारे शोधायचा. बदली झाली की नवीन गाव, नवीन म्हातारे, नवीन वंशावळी, नवीन गोष्टी. ऐकायचं आणि उतरवायचं. पाठांतराची सवय कुल्लेलकडून आणि लिहून ठेवायची सवय सरकारकडून, असं मला वाटतं. कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, तो कुणाचा कोण. एकच हकीकत चार जणांकडून घेऊन ताडून बघायची. सरकारने शिक्षा म्हणून दिलेल्या फिरतीवर, सरकारी पगारात, सरकारला ज्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं ते सगळं त्याने गोळा केलं. हा जो डल्ला आहे ना, हा वांग्रिनच्या तोडीचा आहे.

वांग्रिन कोण ते सांगतो. १९१२ च्या सुमाराला एक फ्रेंच अधिकारी लोककथा जमवत बांडियागाऱ्यात आला होता, पोरांना गोष्टीमागे काही सेंटीम द्यायचा, आणि त्या सांगणाऱ्या पोरांत आपला आमकुल्लेलही होता. त्या अधिकाऱ्याचं काम बघणारा एक तरुण शिकलेला आफ्रिकन होता, त्याचं आणि या पोराचं जमलं. पुढे पंधरा वर्षांनी, १९२७ मध्ये, दोघं परत भेटले. मधल्या काळात तो माणूस जिल्ह्यांचा दुभाष्या झाला होता, अफाट पैसा केला होता, नोकरी सोडून व्यापारी झाला होता. त्याने याला बसवून रात्रीमागून रात्री आपलं आयुष्य सांगितलं, सोबत त्याचा भाट गिटार वाजवतोय, आणि हा लिहून घेतोय. अट एकच, माझं खरं नाव नको, माझ्या टोपणनावांपैकी एखादं घाल. ते पुस्तक छापून आलं १९७३ मध्ये! सेहेचाळीस वर्षं याने ते जपून ठेवलं. फाइल पेंडिंग ठेवावी तर अशी.

आणि काय आयुष्य आहे ते. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी गुरं जमा करायचा हुकूम सुटतो, वांग्रिन त्यात स्वतःचा समांतर धंदा लावतो, पण लावताना सगळ्या कागदांवर एका उमराव घराण्यातल्या गोऱ्या साहेबाची सही घेऊन ठेवतो. बोंब होते, चौकशी लागते, आणि आता वांग्रिनला आत टाकायचं तर साहेबही जातो. प्रशासनाची जी पंचाईत होते ती वाचताना मी एकटाच मोठ्याने हसत होतो. गोऱ्यांच्या कागदाच्या प्रेमाचा त्याने गोऱ्यांविरुद्धच वापर केला. मोठ्यांना लुटायचा आणि गरिबांना सढळ हाताने द्यायचा, त्यामुळे लोकांचा जीव होता त्याच्यावर. पण शेवट वाईट. दारू लागली, ज्या फ्रेंच जोडप्यावर धंद्याचा भरवसा टाकला त्यांनी धुऊन नेलं, आणि एकेकाळचा गावातला सगळ्यात श्रीमंत आफ्रिकन गुत्त्यात लोकांना गोष्टी सांगून हसवत राहिला आणि एका पावसाळी रात्री नशेत खड्ड्यात पडून मेला. या पुस्तकाला १९७४ चा ब्लॅक आफ्रिकेचा मोठा फ्रेंच साहित्य पुरस्कार मिळाला. आणि गंमत म्हणजे बक्षीस मिळाल्यावर सगळे त्याला कादंबरी म्हणायला लागले. बा वैतागले. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी मुद्दाम शेवटी टिपण जोडलं की बाबांनो, ही कादंबरी नाही, तो माणूस होता, त्याने सांगितलं तेच लिहिलंय.

खरं सांगायचं तर इथे माझाही विश्वास डळमळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः? कोण कुठे बसलं होतं, कुणी काय घातलं होतं? आत्मचरित्राच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच हा प्रश्न घेतलाय आणि उत्तर दिलंय की आमच्या पिढीला लहानपणापासून बघायला आणि ऐकायला शिकवलं जायचं, लिहून ठेवायची सोय नसल्याने सगळं जसंच्या तसं कोरलं जायचं. असेल. पण सलग सांगणारा माणूस जागा भरतोच, मधली वाक्यं घालतोच, आणि बा तर कुल्लेलचे चेले. मला वाटतं काही प्रसंग त्यांनी गोष्टीच्या नियमाने घोटून गोल केलेत. वाचताना हे एका कोपऱ्यात ठेवावं आणि पुढे वाचावं, कारण ज्या गोष्टी पडताळता येतात, बदल्या, कायदे, माणसं, त्या जागच्या जागी बसतात.

नोकरीत एकदा मात्र त्यांच्यावर खरंच बेतलं, आणि तेही जपमाळेवरून. तिजानी नावाच्या सूफी पंथात (सावत्र बापाशी याचा संबंध नाही, नुसतं नाव तेच) एक विशिष्ट प्रार्थना अकरा वेळा म्हणायची की बारा वेळा, यावरून वाद. नियोरो गावचे शेख हमाला अकराच्या बाजूचे, प्रस्थापित मंडळी बाराच्या. बाराची मंडळी सरकारशी जुळवून असलेली, त्यामुळे फ्रेंच सरकारला अकरा म्हणजे राजद्रोहाचा वास यायला लागला. ऐकायला वेडगळ वाटतं, पण माणसं मेली यात. १९३७ मध्ये तियेर्नो बोकार स्वतः हमालांना भेटायला गेले, अकरा पटले, आणि परत आल्यावर त्यांच्याच नातलगांनी त्यांना वाळीत टाकलं, १९४० मध्ये ते तशा अवस्थेतच वारले. हमालांना पकडून आधी अल्जीरियाला आणि मग फ्रान्सला नेलं, १९४३ मध्ये ते तिथेच गेले. बा अकरावाले. १९३३ मध्ये त्यांनी नोकरीतून सहा महिन्यांची रजा काढली होती ती तियेर्नो बोकार यांच्याजवळ बसायला, त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला. अपर व्होल्टा ही कॉलनीच १९३२ मध्ये मोडीत निघाल्यावर त्यांचं पोस्टिंग बामाकोत (आज मालीची राजधानी) होतं आणि तिथे त्यांच्यावर नजर होती. शेवटी सोडवलं कुणी तर थिओडोर मोनो नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने, जो डाकारच्या फ्रेंच संशोधन संस्थेचा संचालक होता. १९४२ मध्ये त्याने यांना आपल्या संस्थेत मागून घेतलं. एक ट्रान्स्फर ऑर्डर, बस्स. जे वीस वर्षं ऑफिस सुटल्यावर करत होते ते आता पगारी काम झालं. मासिनाच्या फुलानी राज्याचा इतिहास तोंडी साक्षींवरून जमवला, १९५५ मध्ये तो ग्रंथ आला.

माली १९६० मध्ये स्वतंत्र झाला त्यानंतरचं सगळं तसं प्रसिद्धच आहे. बामाकोत मानव्यविद्यांची संस्था काढली, १९६२ ते १९७० युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावर होते. १९६६ मध्ये बामाकोत युनेस्कोची तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे फुलानी, बंबारा-मँडिंगो, हौसा, सोंघाय, तमाशेक, कानुरी या भाषा लिहिण्यासाठी सारखी अक्षरं ठरवली गेली, त्या खटपटीत यांचा मोठा वाटा. भाषणातल्या त्या जळणाऱ्या ग्रंथालयावर सगळे टाळ्या वाजवतात पण मला ही अक्षरांची बैठक जास्त महत्त्वाची वाटते, कारण उतरवून घ्यायचं म्हटलं तर आधी कुठल्या चिन्हात उतरवायचं हे कुणीतरी कंटाळवाण्या मीटिंगा घेऊन ठरवावं लागतं, आणि त्या कामाला ऋषी नाही, कारकूनच लागतो. तक्रार एकच, एवढं करून त्यांची मोठी पुस्तकं फ्रेंचमध्येच आली. फुलानीत त्यांनी अध्यात्मिक कविता लिहिल्या, काही कथाकाव्यं दोन्ही भाषांत छापली, पण वांग्रिन आणि आत्मचरित्रं फ्रेंचमध्ये. त्यांचं म्हणणं काही असो, आईच्या शब्दाखातर गोरेची शाळा सोडणाऱ्या माणसाने आईच्या भाषेत आत्मचरित्र लिहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार येतोच.

१९७१ पासून ते आयव्हरी कोस्टमधल्या अबिजान शहराच्या मार्कोरी भागात राहिले, आयुष्यभराच्या कागदांची वर्गवारी करत आणि आत्मचरित्र लिहीत. १५ मे १९९१ ला तिथेच गेले, आणि आत्मचरित्राचे दोन्ही भाग त्यानंतर छापून आले, पहिला त्याच वर्षी आणि दुसरा १९९४ मध्ये. पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद यायला मात्र २०२१ उजाडलं, मराठीत काहीच माझ्या पाहण्यात नाही. वाचायचं असेल तर वांग्रिनपासून सुरू करा, तो लवकर पकड घेतो, आत्मचरित्राची पहिली पन्नास-साठ पानं घराण्यांच्या नावांनी गच्च भरलेली आहेत आणि कोण कुणाचा काका यात माणूस हरवतो. वांग्रिन वाचून झाल्यावर तीच पानं परत उघडली तर तो दुभाष्यासमोर उभा राहून दुभाष्या नको म्हणणारा पोरगा जास्त नीट कळतो. आणि कुणाकडे दुसऱ्या भागाचा इंग्रजी अनुवाद असेल तर कृपया सांगा, मी फ्रेंचमधून डिक्शनरी घेऊन ढकलत ढकलत वाचलाय आणि ऑफिसातले काही विनोद नक्की सुटले असणार.